मैदानावर गेलेला पोळपाट

मित्रांनो, पाय नसलेला पोळपाट तुम्ही कधी पाहिला आहे का? पाहिला नसेल, तर माझ्याकडे बघा. मी एक जुना पोळपाट आहे. मला खाली तीन ठेंगणे पाय होते, ते कापले गेले. त्या जागी आता शाळेच्या दप्तराचा एक जाड पट्टा खिळ्यांनी ठोकलेला आहे. माझ्या अंगावर पिठाऐवजी लाल माती बसलेली असते. वडाळ्याच्या एका मैदानाच्या कडेला पत्र्याची खोली आहे. तिथे खेळाच्या सामानाची एक लाकडी पेटी आहे आणि त्या पेटीच्या तळाशी मी पडून असतो. सोबतीला चेंडू आहेत, पण चेंडूंचे काय, ते रोज बाहेर जातात आणि दमूनभागून परत येतात. माझे रडगाणे ऐकायला त्यांना सवड नसते. म्हणून म्हटले, तुम्हालाच सांगावे.

माझा जन्म सावंतवाडीचा. एका सुताराने फणसाच्या लाकडातून मला गोल कातले, घासून घासून गुळगुळीत केले आणि जोडीला एक लाटणे दिले. आम्ही दोघे सुभद्राबाईंच्या रुखवतात मांडले गेलो. लग्नात नवरीबरोबर द्यायच्या वस्तू आणि फराळ हौसेने मांडून ठेवतात, त्याला रुखवत म्हणतात. आमच्या एका बाजूला बेसनाचे लाडू होते आणि दुसऱ्या बाजूला करंज्या. लोक येत, लाडवांकडे बघत आणि पुढे जात. मी मनात म्हणे, बघा बघा, लाडू उद्या संपतील, मी मात्र राहणार आहे.

आणि राहिलोच. लालबागच्या चाळीत सुभद्राबाईंच्या खोलीत मी अनेक वर्षे काढली. त्यांच्या यजमानांची गिरणी बंद पडली, तेव्हा घर माझ्यावर आणि लाटण्यावर आले. सुभद्राबाई पहाटेपासून घडीच्या पोळ्या लाटत आणि गिरगावातल्या कचेऱ्यांत त्यांचे डबे जात. त्या पोळ्यांना नाव होते. खाणारे म्हणत, बाईंच्या हाताला चव आहे. माझे नाव कोणी घेत नसे, पण मला त्याचे वाईट वाटत नव्हते. पोळी लाटताना पोळपाट हलला, तर पोळी फाटते. मी कधी हललो नाही. न हलणे हेच माझे कर्तृत्व, आणि ते मी मन लावून केले.

पुढे चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली. सुभद्राबाई आणि त्यांची एकुलती एक मुलगी मेघना वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. घर छान होते. खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसे. स्वयंपाकघरात मात्र काळ्या ग्रॅनाइटचा लांबच लांब ओटा होता. आधीच सुभद्राबाईंचे मनगट दुखायला लागले होते, त्यामुळे पोळ्यांचे डबे बंद झाले होते. घरापुरत्या चार पोळ्या मेघना लाटत असे, आणि त्या ती सरळ ओट्यावरच लाटी. काल आलेला तो ओटा, आणि माझ्याआधी त्याच्यावर पीठ पडू लागले. कानामागून आला आणि तिखट झाला, दुसरे काय! लाटणेसुद्धा त्याच्याबरोबर रमले. मी पाण्याच्या पिंपामागे उभा राहिलो. तिथून मला लाटण्याचा आवाज ऐकू येई. तो आवाज माझ्यावरचा नाही, हे ऐकत राहण्याइतके वाईट काही नसते.

मेघना खेळाची शिक्षिका होती. शाळा सुटली की ती वडाळ्याच्या मैदानावर मुलींना बेसबॉल शिकवी. हा खेळ तुमच्यापैकी काहींना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. एक मुलगी चेंडू फटकावते आणि पहिल्या ठाण्याकडे पळत सुटते. त्या ठाण्याला फर्स्ट बेस म्हणतात. चेंडू जमिनीवरून उसळत आला, तर समोरच्या संघातल्या मुलीने तो उचलायचा आणि फर्स्ट बेसवर उभ्या असलेल्या आपल्या मैत्रिणीकडे फेकायचा. पळणारीच्या आधी चेंडू पोहोचला, की पळणारी बाद. अशा जमिनीवरून येणाऱ्या चेंडूला मुली ग्राउंडर म्हणतात.

आता या मुली होत्या परळ-लालबागच्या चाळींतल्या आणि नव्या इमारतींतल्या. चालायला लागल्यापासून त्या गॅलरीत क्रिकेट खेळलेल्या. गॅलरीतल्या क्रिकेटचा एक कायदा आहे, तो तुम्हालाही माहीत असेल. चेंडू एक टप्पा पडल्यावर एका हाताने झेलला, तर फलंदाज आऊट. हा कायदा या मुलींच्या हाडात मुरलेला. बेसबॉलच्या पहिल्याच सामन्यात मनाली नावाच्या एका चुणचुणीत मुलीकडे ग्राउंडर आला. तिने एका टप्प्यावर, एका हाताने, अगदी ऐटीत तो झेलला, हात वर केला आणि "आऊट!" म्हणून ओरडली. बाकीच्या मुली धावत येऊन तिच्या गळ्यात पडल्या. त्या मिठ्या मारत असताना समोरची मुलगी सावकाश चालत फर्स्ट बेसवर जाऊन उभी राहिली.

मेघना त्या संध्याकाळी घरी आली ती कपाळाला हात लावूनच.

"आई, डोकं फिरायची पाळी आलीय. ज्या त्या पोरीचं एक टप्पा, एक हात! मी ओरडते, अगं फेक, फेक! तर मलाच सांगतात, मॅडम, आऊट झाली ना ती!"

सुभद्राबाई हसू लागल्या. "तू पण तेच करायचीस. शेजारच्या तुळशीची कुंडी कोणी फोडली होती गं?"

"हसू नको. ती सवय जात नाही, तोवर पुढचं काय शिकवणार मी? मोबाइलवर बघितलं, परदेशातल्या पोरी हाताला सपाट लाकडी चकती बांधतात. त्याच्यावर एका हातानं चेंडू राहतच नाही. दुसरा हात लावावाच लागतो. तसलं काही इथं मिळालं तर…" असे म्हणत ती पाणी प्यायला पिंपापाशी आली. तिची नजर माझ्यावर पडली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. कोणीतरी माझ्याकडे बघून किती दिवस झाले होते!

"आई, हा घेऊ?"

"रुखवतातला आहे गं तो," सुभद्राबाई म्हणाल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, "ने. नाहीतरी नुसती जागा अडवून बसलाय."

मित्रांनो, हे मला लागले. पुढे पाय कापले तेव्हा जेवढे दुखले नाही, तेवढे या बोलण्याने दुखले. मनगट दुखणाऱ्या बाईला माझ्याकडे बघवत नसेल, असेही असेल. मी माझी अशी समजूत घातली, पण समजूत घातल्याने दुखायचे थांबतेच असे नाही.

मेघनाने माझे पाय कापून घेतले, त्या जागी दप्तराचा पट्टा ठोकून घेतला आणि अशा रीतीने मी मैदानावर आलो. पहिल्या दिवशी मुलींनी मला बघून हसून हसून पोट धरले. कोणी मला 'पोळपाटराव' म्हणाले, कोणी 'मॅडमची चपाती' म्हणाले. मनालीने पट्ट्यात हात घातला आणि म्हणाली, "मॅडम, याच्यावर तूप पण लावू का?"

मेघनाने बॅट उचलली. तिने फक्त एक ग्राउंडर मारला. मनालीने सवयीने एकच हात पुढे केला. चेंडू माझ्यावर टणकन आपटला आणि तिच्या हनुवटीला लागून पार मागे गेला. दुसऱ्या वेळी तो घसरून तिच्या पायांमधून गेला. मनाली म्हणाली, "खडा होता मॅडम, इथली जमीनच खराब आहे!" नाचता येईना, अंगण वाकडे! मी मनातल्या मनात हसलो. अंगण चांगले होते. माझ्यावर चेंडू थांबत नाही, एवढेच काय ते खरे होते.

मेघना शिकवू लागली. "मोरीत कपडे धुवायला बसतेस ना, तशी बूड खाली घाल. डोळे चेंडूवर. चेंडू तुझ्याकडे येईपर्यंत वाट बघू नको, तू त्याच्याकडे जा. पोळपाटावर आला, की दुसऱ्या हातानं वरून झाकण घाल. आणि हात ताठ नको गं! हात कणकेसारखे मऊ ठेव, चेंडू आला की पोटाशी घे."

कणीक हा शब्द मैदानावर ऐकून मला फार बरे वाटले.

हळूहळू मुली शिकल्या. माझ्यासाठी त्यांची भांडणे होऊ लागली. "आता मला पोळपाट, आता मला!" चेंडूंच्या माराने माझ्या अंगाला खळगे पडले, कडेचा एक टवका उडाला, पण मी खूश होतो. लग्नाच्या रुखवतात कोणी माझ्यासाठी भांडले नव्हते. ते दिवस माझ्या म्हातारपणातले सर्वांत चांगले दिवस.

मग एके दिवशी एका संस्थेने मुलींना माझ्याऐवजी हाताला बांधायच्या नव्या सपाट गाद्या भेट दिल्या. भडक केशरी रंगाच्या, मऊ आणि हलक्या. प्रत्येक जोडीला एक. मुली दोघीदोघींनी समोरासमोर उभ्या राहून सराव करत. "जोड्या लावा!" असे मेघना म्हणाली, की क्षणात जोड्या लागत, कारण त्या आधीच ठरलेल्या असत. एका इमारतीतल्या दोघी, एका जिन्यावरच्या दोघी. येताना बरोबर, जाताना बरोबर, वडापाव अर्धा अर्धा. एक जण चेंडू सोडायची, दुसरी उचलून परत फेकायची. मी पेटीवर पडून ते बघायचो.

अशात अक्षदा आली.

अक्षदाचे बाबा गौतम केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ते मूळचे परळचेच, त्यांचे वडील गिरणीत होते. पण नोकरीत बदल्या फार. अक्षदाने जेवढ्या शाळा बदलल्या, तेवढ्या पेन्सिली काही मुली बदलत नाहीत. सोलापूरहून ते अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत आले, ते वर्षाच्या मधेच. अक्षदा उंच, सावळी आणि अबोल होती. तिने मैदानावर पाऊल ठेवले तेव्हा मुलींची संख्या जोडीची होती. तिच्या येण्याने ती विषम झाली.

"जोड्या लावा!" मेघना म्हणाली. जोड्या लागल्या. अक्षदा मधे उभी राहिली.

मेघनाने इकडेतिकडे पाहिले आणि पेटीवरून मला उचलले. "तू हा घे. तिकडे कंपाउंडच्या भिंतीवर चेंडू मार आणि परत आलेला उचल. उद्या बघू."

उद्या कोणी बघितले नाही. परवाही नाही. मुली वाईट नव्हत्या, मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो. कोणी तिला चिडवले नाही, कोणी ढकलले नाही. त्यांच्या जोड्या आधीच लागलेल्या होत्या, एवढेच. मलाही लाटण्याने कधी मुद्दाम सोडले नव्हते.

अक्षदाचाही एक टप्पा, एक हात असाच खेळ होता. ती सोलापूरच्या घराच्या बोळात एकटीच खेळलेली होती. माझ्यावरून चेंडू घसरून तिचे नख काळेनिळे झाले. पण ती खडा होता म्हणाली नाही. ती पुन्हा खाली बसे, पुन्हा चेंडू मारी. काही दिवसांनी तिने मेघनाला भीत भीत विचारले, "मॅडम, हा घरी नेऊ का? रोज आणीन परत."

"ने की. तुझाच समज," मेघना म्हणाली.

तुझाच समज! माझ्याबद्दल असे कोणी पहिल्यांदाच बोलत होते.

अँटॉप हिलच्या त्या वसाहतीत पाण्याच्या टाकीजवळ पंपाची एक खोली होती. तिची मागची भिंत कोरी होती आणि समोर थोडी सपाट जागा. रोज संध्याकाळी अक्षदा तिथे येई. चेंडू भिंतीवर मारायचा, जमिनीवरून परत आला की खाली बसून माझ्यावर घ्यायचा, दुसरा हात वर, पोटाशी. मग पुन्हा भिंतीवर. पलीकडे मुले क्रिकेट खेळत. त्यांचा चेंडू इकडे आला, की ती तो उचलून देई. "थँक्यू हां," असे म्हणून ती मुले निघून जात. थकली, की ती पायरीवर बसे आणि मला मांडीवर घेई. तिथे ती माझ्याशी बोलत असे. माणसे पोळपाटाशी बोलत नाहीत. ती बोलायची, यावरूनच काय ते समजा.

एकदा ती म्हणाली, "बाबांची परत ऑर्डर आलीय रे. नागपूर." मग ती माझ्यावरची माती नखाने खरवडू लागली. "मला इथंच राहायचंय. इथं मैदान आहे, मॅडम आहेत. आत्या वडाळ्याला राहते. बाबा म्हणतात, मुंबईच्या संघात निवड झाली, तर आत्याकडे राहा, शाळा इथंच पूर्ण कर. नाहीतर चल आमच्याबरोबर."

त्या दिवसापासून मला कळले, की माझ्यावर आपटणारा प्रत्येक चेंडू या एका गोष्टीसाठी आपटतो आहे. मी तिला मुंबईत ठेवू शकत होतो, असे मला वाटू लागले. म्हाताऱ्या लाकडाला एवढी आशा वाटू नये, पण वाटली.

आणि तिला येऊ लागले होते! कसाही चेंडू येऊ दे, उसळता, घसरता, टप्पा चुकवणारा. ती त्याच्याकडे जाई, खाली बसे, आणि माझ्यावर हलकासा 'टक' असा आवाज होई. चेंडू पोटाशी. सुभद्राबाई पोळी उचलून तव्यावर टाकत, तेव्हा त्यांचे हात असे मऊ असत. मैदानावर मेघनाने ते पाहिले आणि तिचा ऊर भरून आला. तिने सगळ्या मुलींना थांबवले.

"बघा गं! ही एकटी असून किती घासते बघा. नाहीतर तुम्ही! निम्मा वेळ गप्पांत. शिका जरा हिच्याकडून."

मुलींनी पाहिले. मनालीने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितले. त्यानंतर अक्षदाशी जे थोडे बोलणे होत होते, तेही कमी झाले. कौतुकानेही माणूस एकटा पडतो, हे मेघनाच्या ध्यानात आले नाही. तिने मनापासून कौतुक केले होते. मुलगी भिंतीवर इतकी छान शिकते आहे, मग जोडीची काय गरज, असे तिला वाटले असावे.

थंडीतल्या एका रविवारी निवड चाचणी झाली. मुंबईभरच्या शाळांतल्या मुली आल्या होत्या. अक्षदाच्या हातात त्या दिवशी मेघनाने दिलेला चामड्याचा खरा ग्लोव्ह होता. मला तिने दप्तरात ठेवून आणले होते. दप्तराची चेन तुटलेली होती, म्हणून मला मैदान नीट दिसत होते. कडेला गौतमराव हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना कोणता निकाल हवा होता, ते सांगता येत नव्हते. बदलीच्या गावी मुलीला बरोबर न्यायचे, की तिला हवे तिथे ठेवून जायचे, बापाला दोन्हींत दुःखच असणार.

आधी नुसते ग्राउंडर उचलायचे होते. अक्षदाने ते असे उचलले, की निवड करणाऱ्या सरांनी टोपी वर करून पाहिले. "हात बघा हिचे," ते शेजारच्या बाईंना म्हणाले. मेघना माझ्या दप्तराजवळच उभी होती. तिने आनंदाने ओठ चावला. मी दप्तरातल्या दप्तरात ताठ झालो. झाले, असे मला वाटले. ही पोरगी राहिली.

मग पळणाऱ्या मुली आल्या. आता चेंडू उचलून फर्स्ट बेसवर फेकायचा होता. फर्स्ट बेसवर मनाली उभी होती.

फटका बसला. अवघड चेंडू होता, डावीकडे उसळणारा. अक्षदा गेली, खाली बसली, दुसरा हात वर, चेंडू पोटाशी. अगदी माझ्यावर घ्यायची तसा. आणि ती उभी राहिली. चेंडू पोटाशी धरून ती नुसती उभी राहिली.

"दे!" मनाली ओरडली. "अगं दे ना, दे!"

अक्षदाने दचकून वर पाहिले आणि फेकला. चेंडू सरळ गेला, पण पळणारी आधीच पोहोचली होती.

पुढच्या वेळीही तसेच झाले. उचलणे सुंदर, आणि मग तो एक थांबा. तेवढ्यात पळणारी ठाण्यावर. त्यानंतर तिने घाई केली, तर चेंडू मनालीच्या डोक्यावरून गेला. सरांनी टोपी पुन्हा खाली ओढली. गौतमरावांनी हाताची घडी सोडली आणि खाली बघू लागले.

मला समजले. मेघनालाही समजले असावे, कारण तिचा चेहरा पांढरा पडला होता. भिंत असते, तेव्हा चेंडू उचलल्यावर लगेच काही करायचे नसते. भिंत कुठे जात नाही, तिला घाई नसते, ती हात पुढे करत नाही. अक्षदाने इतके दिवस चेंडू भिंतीवर मारून फक्त स्वतःच परत घेतला होता. चेंडू हाती आला, की तो कोणाला तरी द्यायचा असतो आणि ते कोणीतरी तिथे उभे असते, हे तिच्या हातांना ठाऊकच नव्हते. मी तिला दोन हात लावायला शिकवले. पण फेकायला समोर माणूस लागतो, आणि मी पडलो पोळपाट.

सरांनी नावे वाचली. मनालीचे नाव होते. अक्षदाचे नव्हते.

गौतमराव जवळ आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं खेळलीस, बाळा." ती रडली नाही. तिने ग्लोव्ह काढून मेघनाला परत दिला. मेघना म्हणाली, "अक्षदा, चुकलं ते माझं. सगळं शिकवलं, जोडी तेवढी लावून दिली नाही." अक्षदाने नुसती मान हलवली. मग मनाली धावत आली. निवड होऊनही ती रागावलेली होती.

"तू टाकत का नव्हतीस गं? मी होते ना समोर!"

"दिसत होतीस," अक्षदा म्हणाली. "पण हाताला सुचतच नव्हतं. माझ्यासमोर कोणी नसतं ना कधी."

हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. पाऊस नसतो, लाइट नसते, तसे साधेपणाने बोलली. मनालीचा राग कुठल्या कुठे गेला. 

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी सरकारी घरात खोक्यांचा ढीग लागला होता. भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर काढून चादरीत गुंडाळली होती. अक्षदा मला परत करायला निघणार, तोच मनाली दारात उभी राहिली. परळहून बस बदलून ती एकटीच आली होती आणि तिच्या काखेत ग्लोव्ह होता.

"चल खाली," ती म्हणाली.

"सामान बांधायचंय."

"बांधशील गं. चल."

त्या दोघी पंपाच्या खोलीपाशी आल्या. अक्षदाने मला पायरीवर ठेवले. मनाली चेंडू सोडायची, अक्षदा नुसत्या हातांनी उचलायची. मनाली मागे मागे सरत गेली, पार क्रिकेटच्या मुलांपर्यंत, आणि तिथून ओरडत राहिली, "दे!" सुरुवातीला अक्षदा तशीच थांबत होती. मग थांबणे कमी झाले. मग ते राहिलेच नाही. चेंडू उचलता उचलताच हातातून सुटू लागला आणि मनालीच्या ग्लोव्हमध्ये फटकन जाऊन बसू लागला. इतके दिवस मी अक्षदाला पाहिले होते, पण हसताना तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे, हे मला त्या संध्याकाळी कळले. चेंडू दिसेनासा झाला, तरी त्या खेळत होत्या. एका संध्याकाळीत ते सगळे झाले, मित्रांनो. एवढेच लागत होते, आणि ते एवढे उशिरा आले.

मी पायरीवर होतो. माझी कोणालाही गरज नव्हती. पिंपामागे उभा असताना मला जसे वाटायचे तसेच वाटले, आणि तरी ती संध्याकाळ संपू नये असेही वाटले.

अक्षदा गेली. मनालीने मला मैदानावर आणून दिले. आता मेघना मॅडमच्या मैदानावर भिंतीशी सराव करायला कोणाला पाठवत नाहीत. मुलींची संख्या विषम झाली, की मॅडम स्वतः ग्लोव्ह घालून पलीकडे उभ्या राहतात. त्यांचे गुडघे कुरकुरतात, पण त्या उभ्या राहतात. म्हणून मी पेटीत असतो. झाकण उघडते, चेंडू जातात, झाकण बंद होते. इथे फार एकटे वाटते, हे मी लपवत नाही. पण मला बाहेर काढायची वेळ पुन्हा येऊ नये, असेच मला वाटते.

तुम्हाला वाटेल, आता हा म्हातारा सांगणार, की जुन्या वस्तू सांभाळा, त्यांना अडगळीत टाकू नका. सांभाळलेत तर चांगलेच. पण माझे मागणे ते नाही. मी लाकूड आहे, एकटेपणात मी कुजत नाही, फार तर थोडा तडकतो. मुलांचे तसे नसते. तुमच्या शाळेत, तुमच्या इमारतीखाली, एखादे नवे मूल भिंतीवर चेंडू मारताना दिसेल. ते किती छान खेळते असे म्हणून तुम्ही पुढे जाल, आणि तुमची काही चूकही नसेल. तरी त्या दिवशी पुढे जाऊ नका. तुम्हाला खेळता येत नसले तरी चालेल. पलीकडे जाऊन उभे राहा, हात पुढे करा आणि म्हणा, "दे!"